जवळजवळ सगळ्या कॉलमांना इंडेक्स लावले, तरी पासबुकाची क्वेरी रखडते. चुकतंय कुठे?

परळकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी लालबाग-परळ भागातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सभासद म्हणजे गिरणी कामगारांची घरं, मंडईतले गाळेवाले, फुलवाले. व्यवहारांच्या टेबलात आज १ कोटी ८० लाख नोंदी आहेत. डेटाबेस मायएसक्यूएल ८.०.

काउंटरवर माणूस पासबुक पुढे करतो, क्लार्क खाते क्रमांक टाकते आणि मग अकरा-बारा सेकंद दोघं एकमेकांकडे बघत बसतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाली मंडळी येतात तेव्हा रांग जिन्यापर्यंत जाते. सत्तरी ओलांडलेल्या आजी कठड्याला धरून उभ्या असतात. बघवत नाही हो.

उपाय म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्या टेबलाच्या चौदापैकी अकरा कॉलमांना इंडेक्स, म्हणजे शोध पटकन लागावा म्हणून क्रमाने लावलेली सूची, लावले. पासबुक होतं तिथेच आहे. उलट संध्याकाळी पिग्मी एजंट दिवसाची वसुली चढवतात, ते काम आधी दहा मिनिटांत उरकायचं, आता अर्धा तास लागतो. आणि ३१ मार्चच्या व्याज आकारणीची तर आत्तापासून धास्ती आहे. गेल्या वर्षी रात्री साडेदहाला लावलेली आकारणी पहाटे संपली होती.

इंडेक्स समोर असून डेटाबेस तो वापरत का नाही? कृपया सविस्तर सांगा, मला यातलं मुळातून समजून घ्यायचं आहे.

---

नवखा_नाहूर | सोमवार, रात्री ९:५२

वाचतोय. आमच्या गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच रड आहे.

---

भांडुपचा_कोडर | सोमवार, रात्री १०:०५

क्वेरीत फोर्स इंडेक्स लिहा, म्हणजे तोच इंडेक्स वापरायची सक्ती, आणि मोकळे व्हा. ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरीची वाट ठरवणारा डेटाबेसचा भाग, कधी कधी अडून बसतो, त्याला हाताला धरून न्यावं लागतं.

---

विदुला_ठाणे | सोमवार, रात्री १०:१८

परळकर, आधी क्वेरीच्या पुढे एक्सप्लेन लावून काय येतं ते इथे द्या. क्वेरी नेमक्या कुठल्या वाटेने जाते ते कळल्याशिवाय औषध सांगणं म्हणजे नाडी न बघता गोळी देणं. भांडुपकर, तुमचा उपाय मी स्वतः केलेला आहे आणि पस्तावले आहे. सविस्तर उद्या लिहिते.

---

दाखलअंक | मंगळवार, सकाळी ७:३०

मी संगणकातली नाही, ग्रंथपाल आहे. तीस वर्षं वाचनालयात काढली. पण हा प्रश्न मला आमचाच वाटला म्हणून लिहिते.

आमच्याकडे पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला दाखल अंक मिळतो. मग तालिका पत्रं करायची: एक लेखकाच्या आडनावाने, एक ग्रंथनामाने, एक विषयाने. प्रत्येक पत्र आपापल्या खणात, अकारविल्हे, बरोबर जागी. वाचक "अमुक लेखकाचं काय आहे" म्हणाला की लेखकाचा खण उघडायचा, पत्र काढायचं, त्यावरचा अंक बघून कपाटाशी जायचं.

आता समजा उत्साहाच्या भरात मी प्रकाशक, मुद्रक, पानांची संख्या, किंमत, बांधणी या सगळ्यांची वेगळी पत्रं केली. प्रत्येक नव्या पुस्तकामागे तीनाऐवजी आठ पत्रं लिहायची आणि आठ खणांत लावायची. पुस्तकांचे गठ्ठे आले त्या दिवशी आम्ही रात्रीपर्यंत घरी गेलो नसतो. आणि "मुद्रकानुसार पुस्तक द्या" असं तीस वर्षांत मला एकानेही विचारलेलं नाही.

तुमच्या पिग्मी एजंटांचं हेच होत असावं असं वाटतं. जाणकारांनी चुकत असेन तर सांगावं.

---

डीबीए_ऐरोली | मंगळवार, सकाळी ९:१०

दाखलअंक ताई, एक शब्दही चुकलेला नाही. तुमचाच धागा पुढे नेतो.

इंडेक्स म्हणजे बहुतेक डेटाबेसांत बी-ट्री, झाडासारखी फांद्या फुटत जाणारी रचना, किंवा तिची बी-प्लस ही आवृत्ती. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंगच्या संशोधन विभागात असताना ही रचना मांडली, लेख १९७२ साली छापून आला. पन्नास वर्षं उलटली तरी रोजच्या व्यवहारांच्या डेटाबेसात हीच रचना राबते आहे, आणि याचं मला आजही अप्रूप वाटतं.

गंमत तिच्या बुटकेपणात आहे. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन १६ किलोबाइटच्या पानांत माहिती ठेवतं. वरच्या एका पानात समजा ५०० वाटा मावल्या. त्यातल्या प्रत्येक वाटेवरच्या पानात आणखी ५००. म्हणजे दोन पायऱ्या उतरल्या की अडीच लाख पानं हाताशी आली. शेवटच्या प्रत्येक पानात १०० नोंदी धरल्या तर अडीच कोटी. परळकरांच्या १ कोटी ८० लाखांतली कुठलीही नोंद तीन पानं उलटून सापडायला हवी. त्यातली वरची पानं तर सतत वापरात असल्यामुळे मेमरीतच असतात.

इनोडीबीत एक मेख आहे. मूळ टेबल हेच प्रायमरी कीच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या स्वतंत्र ओळखीच्या, क्रमाने लावलेलं झाड असतं. बाकीच्या इंडेक्सांच्या पानांत पूर्ण नोंद नसते, फक्त इंडेक्स लावलेले कॉलम आणि तिची प्रायमरी की असते. म्हणजे ताईंच्या पत्रावरचा दाखल अंक. पत्र सापडलं की पुन्हा कपाटापर्यंत चालत जायचं. एका पुस्तकासाठी ठीक आहे. दहा लाख पुस्तकांसाठी दहा लाख फेऱ्या घालण्यापेक्षा पहिल्या कपाटापासून सगळं चाळत जाणं स्वस्त पडतं. ऑप्टिमायझर हा हिशेब मांडूनच इंडेक्स सोडून देतो.

---

भांडुपचा_कोडर | मंगळवार, सकाळी ९:४५

पण पूर्ण टेबल चाळणं म्हणजे वाईटच ना? आमच्या सिनियरने पहिल्या दिवसापासून हेच शिकवलंय.

---

विदुला_ठाणे | मंगळवार, दुपारी १:२०

दादरहून ठाण्यापर्यंत प्रत्येक स्टेशनवर उतरायचं काम असेल तर फास्ट लोकल पकडून काय करणार? स्लोच घ्यावी लागते. परळकरांनी खात्याच्या "चालू/बंद" या कॉलमलाही इंडेक्स लावला असणार. शंभरातली पंच्याण्णव खाती चालू असतील तर "चालू" विचारल्यावर तो इंडेक्स कसलीही निवड करून देत नाही. मात्र "बंद" विचारलं तर तोच उपयोगी पडतो. एकच इंडेक्स एका प्रश्नाला चांगला आणि दुसऱ्याला निरुपयोगी असू शकतो.

आता माझा पस्तावा. एका वाहतूक कंपनीच्या डेटाबेसात मी तारखेच्या इंडेक्सवर फोर्स इंडेक्स लावला होता. तेव्हा महिन्याला काही हजार पावत्या असायच्या, क्वेरी पळायला लागली आणि सगळ्यांनी पाठ थोपटली. दीड वर्षात धंदा वाढला. महिन्याच्या पावत्या लाखांत गेल्या, ऑप्टिमायझरने एव्हाना वाट बदलली असती, पण मी त्याचे हात बांधून ठेवले होते. महिनाअखेरीचा अहवाल तीन तास चालला. कारण शोधायला दोन दिवस गेले, कारण ती ओळ मी लिहिली होती हे मीच विसरले होते. म्हणून सांगते, जबरदस्ती हा शेवटचा उपाय.

---

फोर्टचे_काका | मंगळवार, दुपारी ३:०५

निवृत्त आहे, धागा वाचून राहवलं नाही.

नव्वदीत आम्ही फोर्टमध्ये फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेसवर पतसंस्था, सोसायट्या, मेडिकलची दुकानं, सगळ्यांची कामं केली. तेव्हा इंडेक्स म्हणजे डिस्कवरची वेगळी, डोळ्यांना दिसणारी फाइल. डेटा डीबीएफमध्ये, इंडेक्स आयडीएक्समध्ये, पुढे सीडीएक्स आली. १९९१ साली फॉक्सप्रो २.० सोबत रशमोअर हे इंडेक्स वापरून शोध वेगवान करणारं तंत्र आलं आणि ज्या यादीसाठी आधी चहा पिऊन यायचो ती उभ्या उभ्या मिळायला लागली. साधा ३८६ होता हो आमच्याकडे.

मशीन मध्येच बंद पडलं की इंडेक्स फाटायचा. ग्राहक फोन करायचा, "काका, नावं दिसत नाहीयेत." नावं असायची, त्यांच्याकडे जाणारी वाट तुटलेली असायची. रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स पुन्हा बांध, म्हटलं की परत यायची.

२६ जुलै २००५ ला कुर्ल्याच्या एका ग्राहकाकडे तळमजल्यावरचं मशीन पाण्याखाली गेलं. तो तोवर फॉक्सप्रोवरच होता. बॅकअपची सीडी माझ्या घरी होती, पण जागा वाचवायला त्यात फक्त डीबीएफ घेत असू. सीडीएक्स नसल्यावर रीइंडेक्स तरी कशाचं करणार? कुठल्या टॅगला, म्हणजे आतल्या एकेका इंडेक्सला, कुठला क्रम हे त्याच फाइलमध्ये असतं. पण माझी सवय होती, प्रत्येक ग्राहकाच्या इंडेक्सच्या ओळी निळ्या पुठ्ठ्याच्या डायरीत हाताने उतरवून ठेवायचो. त्या डायरीवरून रात्रभर बसून सगळे इंडेक्स पुन्हा बांधले. सकाळी त्यांचं काम सुरू.

परळकर, एक विचारतो. तुमची संस्था जुनी आहे, म्हणजे आधी फॉक्सप्रोच असणार. खाते क्रमांकाच्या पुढे शून्य आहेत का? आम्ही ते कॅरेक्टर फील्डमध्ये शून्यं भरून ठेवायचो, "००४५१२" असे, म्हणजे खाते आणि तारीख जोडून एकच इंडेक्स करता यायचा. खाते अधिक डीटीओएस तारीख, डीटीओएस म्हणजे तारखेचा वर्ष-महिना-दिवस असा मजकूर करणारं फंक्शन. पासबुक त्यावरच छापायचं. खाते क्रमांकाला सीक मारला की त्या खात्याचे सगळे व्यवहार तारखेच्या क्रमाने एकाखाली एक उभे.

---

परळकर | मंगळवार, रात्री ८:५०

काका, शून्यं आहेत! टेबलात खाते क्रमांक व्हारचार, म्हणजे मजकूर, आहे, अगदी तुम्ही लिहिलाय तसा, "००४५१२". माझ्या आधीच्या माणसाने फॉक्सप्रोमधून जसाच्या तसा उचललेला.

विदुलाताई, एक्सप्लेनमध्ये टाइप ऑल येतंय, म्हणजे पूर्ण टेबल चाळणं. पॉसिबल कीजमध्ये खाते क्रमांकाच्या इंडेक्सचं नाव आहे, पण कीच्या रकान्यात नल, म्हणजे काहीच नाही. ओळींचा अंदाज जवळजवळ पूर्ण टेबल. डेटाबेसला इंडेक्स दिसतोय, पण त्याने उचललेला नाही.

---

डीबीए_ऐरोली | मंगळवार, रात्री ९:१५

काकांनी बरोबर नस पकडली. परळकर, पासबुकाच्या स्क्रीनवरून क्वेरी जाते तेव्हा खाते क्रमांक अवतरणचिन्हांत जातो का, की नुसताच आकडा ४५१२?

---

परळकर | मंगळवार, रात्री ९:३१

नुसताच आकडा. स्क्रीनवर क्लार्क ४५१२ टाकते आणि तोच जातो.

---

डीबीए_ऐरोली | मंगळवार, रात्री ९:५८

झालं मग. कॉलम मजकुराचा आणि तुम्ही विचारताय आकडा. अशा वेळी मायएसक्यूएल दोन्ही बाजू आकड्यात बदलून तुलना करतो. "४५१२", "०४५१२", "००४५१२", पुढे मोकळी जागा असलेला "४५१२", हे सगळे आकडा म्हणून एकच. पण इंडेक्समध्ये ते मजकूर म्हणून लावलेले आहेत, शून्याने सुरू होणारे एकीकडे, चाराने सुरू होणारे दुसरीकडे. कुठल्या एका जागी जाऊन शोधावं हे त्याला ठरवताच येत नाही. म्हणून १ कोटी ८० लाख नोंदींतला प्रत्येक मजकूर काढतो, त्याचा आकडा करतो, मग बघतो. तुमचे अकरा सेकंद तिथे जातात.

स्क्रीनच्या कोडमध्ये आकड्याला शून्यं भरून सहा अंकी मजकूर करा आणि तसाच पाठवा. टेबलाला हात लावायची गरज नाही.

मग काकांचा जुना इंडेक्स परत आणा: खाते क्रमांक आणि तारीख, दोन कॉलमांचा मिळून एक, याच क्रमाने. आधी बरोबरीची अट, नंतर पासून-पर्यंतची. खाते क्रमांक आधी असल्यामुळे एका खात्याचे व्यवहार शेजारी शेजारी बसतात, त्यांच्यात तारखेचा क्रम असतो, वेगळं सॉर्टिंगसुद्धा लागत नाही. उलटा क्रम केलात तर एका वर्षातल्या सगळ्या खात्यांचे व्यवहार चाळावे लागतील.

---

नवखा_नाहूर | मंगळवार, रात्री १०:२०

म्हणजे खाते-तारीख असा इंडेक्स असेल तर फक्त तारखेने शोधायला तो चालणार नाही?

---

दाखलअंक | बुधवार, सकाळी ७:१०

बरोबर समजलात. जुनी टेलिफोनची डिरेक्टरी आठवा. आडनाव, मग नाव. "कदम, सुनंदा" लगेच सापडेल. "कदम" सगळे मिळतील. पण "मुंबईतल्या सगळ्या सुनंदा द्या" म्हटलं तर पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसावं लागेल.

मराठी नावांवरून आमच्या नव्या सॉफ्टवेअरचा एक अनुभव सांगते, कारण तो मला फार लागला होता. त्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. एक वाचक "कुऱ्हाडे" या लेखकाची पुस्तकं मागायला आले. संगणक म्हणाला एकच पुस्तक. मला माहीत होतं चार आहेत, मी स्वतः ती दाखल केली होती. स्क्रीनवर बाकीची तीन शोधून काढली तर आडनाव अगदी तेच दिसतंय, काना-मात्रेचा फरक नाही.

शेवटी एका तरुण मुलाने अक्षरं सुटी करून दाखवली. "ऱ्ह" दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर खास "ऱ" आणि त्याला हलंत. दुसऱ्यावर साधा "र", हलंत आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला सारखंच, आत मात्र वेगवेगळं. नोंदी करणाऱ्या आम्हा दोघींच्या कीबोर्डांप्रमाणे एकाच लेखकाची पत्रं दोन खणांत गेली होती. तीन पुस्तकं कपाटात असून नाहीशी झाली होती, आणि असे किती वाचक हात हलवत परत गेले असतील या विचाराने मला झोप लागली नाही.

---

डीबीए_ऐरोली | बुधवार, सकाळी ९:३०

ताई, हे प्रत्येक मराठी सॉफ्टवेअर करणाऱ्याने वाचायला हवं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण इथे पुरं पडत नाही, ते न दिसणारं चिन्ह त्यात एकरूप होत नाही. शोधासाठी नावाची एक वेगळी, स्वच्छ केलेली प्रत ठेवायची, साठवतानाच एका रूपात आणायची, इंडेक्स तिच्यावर बांधायचा आणि शोधायला येणारा शब्दही त्याच गाळणीतून घालायचा.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. मजकुराच्या इंडेक्सचा क्रम बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीवर अवलंबून असतो. २०१८ साली लिनक्सच्या ग्लिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत हे क्रमाचे नियम बदलले. ज्यांनी लिनक्स नवं केलं आणि रीइंडेक्स केलं नाही त्यांच्या इंडेक्सांत असलेल्या नोंदी सापडेनाशा झाल्या. डेटा सुखरूप, क्रम मात्र नव्या नियमांशी जुळेना.

---

फोर्टचे_काका | बुधवार, सकाळी ९:४४

म्हणजे "काका, नावं दिसत नाहीयेत" अजून चालूच आहे!

---

विदुला_ठाणे | बुधवार, दुपारी १२:५०

परळकरांच्या मूळ प्रश्नातली दोन कामं राहिली आहेत.

ते अकरा इंडेक्स एकदम पुसू नका. मायएसक्यूएल ८.० मध्ये इंडेक्स इनव्हिजिबल करता येतो. ऑप्टिमायझरला तो दिसत नाही, पण तो सांभाळला जातो. एकेक करून लपवा, आठवडाभर बघा, कुणी ओरडलं तर क्षणात परत दाखवा. नाही ओरडलं तर काढून टाका. लपवल्याने पिग्मीचा वेळ मात्र कमी होणार नाही, तो प्रत्यक्ष काढल्यावरच होईल, कारण लपलेल्या झाडातही प्रत्येक नवी नोंद लावावी लागतेच.

व्याज आकारणीची क्वेरी दाखवाल का? तारखेची अट कशी लिहिली आहे?

---

परळकर | बुधवार, रात्री ९:०५

तारखेवर इयर आणि मंथ ही फंक्शनं लावून. एप्रिल ते डिसेंबर एक अट, जानेवारी ते मार्च दुसरी, मध्ये ऑर. शिवाय आधी एक तात्पुरतं टेबल बनतं आणि त्यात, आत्ता बघितलं, खाते क्रमांक इंटिजर, म्हणजे आकडा, धरलाय.

---

विदुला_ठाणे | बुधवार, रात्री ९:४०

दोन्हीकडे तोच आजार. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की इंडेक्सचा क्रम निरुपयोगी होतो, तो तारखेचा आहे, "तारखेच्या वर्षाचा" नाही. सरळ लिहा: तारीख १ एप्रिलला किंवा त्यानंतर, आणि पुढच्या १ एप्रिलच्या आधी. ऑरसुद्धा जाईल. तात्पुरत्या टेबलात खाते क्रमांक मूळ टेबलासारखाच व्हारचार करा, कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या तुलनेचे आणि क्रमाचे नियम, तेसुद्धा तेच ठेवा. नाहीतर प्रत्येक खात्यासाठी पूर्ण टेबल चाळायची वेळ येते.

व्याजाला खाते, तारीख आणि शिल्लक एवढंच लागत असेल तर खाते-तारीख इंडेक्सच्या शेवटी शिल्लक हा कॉलमही घाला. मग सगळं उत्तर पत्रावरच मिळतं, कपाटापर्यंत जावंच लागत नाही.

---

डीबीए_ऐरोली | बुधवार, रात्री १०:१२

सहमत, फक्त शिल्लकेबाबत थोडा मतभेद. जुन्या नोंदीतली शिल्लक नंतर दुरुस्त होत असेल तर प्रत्येक दुरुस्तीला इंडेक्सही लिहावा लागेल. परळकरांनी ते बघून ठरवावं.

आकारणीच्या आधी अॅनालाइझ टेबल ही आकडेवारी ताजी करणारी आज्ञा चालवा. कुठली वाट स्वस्त हे खर्चाच्या अंदाजावर ठरवायची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी आयबीएमच्या सिस्टम आर या डेटाबेससाठी १९७९ साली मांडली, आजचे ऑप्टिमायझर त्याच वाटेवर आहेत. पण अंदाजाला आकडेवारी ताजी लागते. इनोडीबी मुळात इंडेक्सची फक्त २० पानं चाळून हिशेब करतं. शितावरून भाताची परीक्षाच ती. तुमच्याकडे काही खात्यांत हजारो व्यवहार आणि काहींत चारच असतील, तर ही पानांची संख्या वाढवून घ्या.

---

परळकर | रविवार, रात्री ८:२०

आज संस्था बंद होती, सकाळपासून बसून सगळं केलं. आधी बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून बघितला, मगच हात लावला.

खाते क्रमांक शून्यं भरून मजकूर म्हणून पाठवला. एक्सप्लेनमध्ये ऑलच्या जागी रेफ आलं, म्हणजे इंडेक्स वापरला जातोय, ओळींचा अंदाज पावणेदोन कोटींवरून ३१४. पासबुक बटण दाबताच समोर. मी पाच-सहा वेळा वेगवेगळी खाती टाकून बघितली, खरं वाटत नव्हतं. मग खाते-तारीख इंडेक्स बांधला, त्याला सुमारे चार मिनिटं लागली. शिल्लक त्यात घातली नाही, आमच्याकडे चुकीच्या नोंदी महिनाअखेरीस दुरुस्त होतात.

अकरापैकी सात इंडेक्स आज लपवलेत. पुढच्या रविवारी काढीन. शेरा, व्हाउचर प्रकार, एंट्री करणाऱ्याचं नाव असल्यांवर होते ते.

व्याजाची क्वेरी गेल्या वर्षीच्या डेटाची प्रत घेऊन चालवली. ६ मिनिटं ४० सेकंद. गेल्या मार्चच्या आकड्यांशी ताळा केला, पैशापैशाने जुळला.

काका, तुमच्या डायरीसारखी एक वही आज मीही सुरू केली. कुठला इंडेक्स, कुठल्या स्क्रीनसाठी, कधी लावला.

---

फोर्टचे_काका | रविवार, रात्री ८:४१

शाब्बास. वहीत क्वेरीही लिहा, नुसतं इंडेक्सचं नाव नको. चार वर्षांनी नाव बघून काही आठवत नाही.

---

नवखा_नाहूर | रविवार, रात्री ९:०३

काकांचा सल्ला उचलला. गोदामाच्या टेबलात बारकोड व्हारचार आहे आणि आम्हीही आकडाच पाठवतोय. उद्या सकाळी एक्सप्लेन घेऊन येतो.

---

परळकर | मंगळवार, दुपारी २:१५

एवढंच सांगायला आलो. आज पाच तारीख, पेन्शनचा दिवस. रांग दारापर्यंतच होती. एका आजींनी पासबुक परत घेताना विचारलं, "झालं पण?"